पोत्याखालचा गुडघा

माझ्या धाकट्या बहिणीचा, भागीरथाचा नवरा भगवंतराव हा अख्ख्या वऱ्हाडातला सर्वांत कंटाळवाणा माणूस आहे, असं माझं चौतीस वर्षं मत होतं. मत मनात ठेवायची मला सवय नाही. लग्नात, तेरवीत, चार माणसं जमली की मी ते मोठ्यानं सांगायचो, माणसं हसायची, आणि भगवंतरावही हसायचा. त्याला राग यायचा नाही, याचाच मला राग यायचा.

अकोल्याच्या धान्यबाजारात तो मापारी. शेतकऱ्याचा माल आणि व्यापाऱ्याची नजर यांच्या मधोमध काटा घेऊन उभं राहायचं, पोतं चढलं की वजन बोलायचं, उतरलं की दुसरं. तूर, हरभरा, सोयाबीन, पुन्हा तूर. जन्मभर हेच. पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, आणि मग दोन, तीन, चार, अशी जुन्या मापाऱ्यांची रीत आहे. भगवंतरावाचा ‘लाभ’ निघाला की यार्डाच्या दुसऱ्या टोकाचा चहावाला मान वर करायचा. अंगात हाडं सोडून काही नाही, पण आवाज बाकी घंटेसारखा. देवानं कुठं काय ठेवावं याला काही धरबंद नसतो.

घरीही तेच. मेथीची जुडी आणली की हातावर तोलून म्हणणार, "पावशेर नाही हे." इलेक्ट्रिक काटे आले तेव्हा बाकीचे मापारी सुटलो म्हणून बसले. हा मात्र रोज सकाळी वीस किलोचं लोखंडी वजन सायकलच्या कॅरिअरला बांधून नेणार आणि आधी त्या नव्या काट्याची परीक्षा घेणार. मी म्हटलं, "जवाईबुवा, मशीनवर भरोसा नाही काय तुमचा?" तर म्हणतो, "मशीनवर हाय. मशीनजवळ उभं राहनाऱ्यावर नाही." असलं एखादं वाक्य टाकायचं आणि दिवसभर गप्प बसायचं.

गुडघ्याचा किस्सा तर मी इतक्यांदा सांगितला की लोकांना पाठ झाला होता. एका मोठ्या खरेदीदाराचा माणूस काट्याजवळ उभा राहून पोत्याच्या कोपऱ्याला खालून हळूच गुडघा लावायचा. पोतं तेवढंच उचललं जातं, वजन किलो दोन किलो कमी दिसतं. बाजारात हे नवं नाही. पाहणारे पाहून न पाहिल्यासारखं करतात. भगवंतरावानं चाळीस पोती झाल्यावर ते पाहिलं आणि काटा बंद केला. "पोते उतरवा. परत मापा." भर उन्हाची वेळ. हमालांनी आईबहीण काढली. व्यापारी लाल झाला. ज्याचा माल, तो बाळापूरकडचा शेतकरी स्वतः हात जोडून म्हणाला, "जाऊ द्या ना बाप्पा, माही बस जाईन." तर हा त्याला म्हणतो कसा, "तुह्यासाठी नाही करून राहिलो बे मी. काट्यासाठी करून राहिलो." चाळीसच्या चाळीस पोती पुन्हा मापली. पुढं तीन महिने त्या व्यापाऱ्यानं याला जवळ उभं केलं नाही. आता याला हुशारी म्हणायची का? मी तरी मूर्खपणाच म्हणत होतो.

माझं तसं नव्हतं. अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत मी एकोणतीस वर्षं काढली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. दर महिन्याला वर अहवाल जायचा. विहिरी किती आटल्या? निरंक. शाळेची छपरं किती गळतात? निरंक. लोकांच्या तक्रारी? निरंक. निरंक म्हणजे काही नाही. हा एक शब्द सुंदर अक्षरात लिहिला की वरून उलट प्रश्न येत नाही, साहेब खूश, आपण सहाला घरी. खरी माहिती लिहिणारा एक नवशिका आमच्याकडे आला होता. त्याला दोन महिन्यांत इतके खुलासे मागवले की तोही निरंक लिहायला शिकला. मीच शिकवलं त्याला. मला त्याचा अभिमान होता, हे इथं कबूल करून टाकतो.

तर असा हा सगळं मोजून जगणारा भगवंतराव. खर्रा मात्र न मोजता खायचा. पानठेल्यावर तंबाखू, सुपारी, चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधून देतात ना, तो. सकाळी एक, काट्यावर उभं राहिलं की एक, जेवल्यावर एक, मग जितके होतील तितके. आवाज बसला तर म्हणाला, बोलून बोलून बसला. मानेत चिंचोक्याएवढी गाठ आली तर म्हणाला, पोतं लागलं असेल. ती सुपारीएवढी झाली तेव्हा कुठं डॉक्टरकडे गेला, आणि डॉक्टरनं सांगितलं की जिभेच्या मुळाशी कॅन्सर आहे, मानेत उतरलाय, बराच पुढं गेलाय.

मग नातेवाईक जागे झाले. आमच्या नातेवाइकांना एरवी पत्र टाका, फोन करा, कोणी फिरकत नाही; कॅन्सर म्हटला की दिवाळीला आल्यासारखे येतात. एकानं कसल्या पानांचा रस आणला, एकीनं खोली कोणत्या दिशेला आहे ते तपासलं. आणि भगवंतरावाचा पुतण्या कुलदीप आला. हा कुलदीप म्हणजे गळ्यात कोणत्या तरी पक्षाचा दुपट्टा, हातात दोन मोबाईल आणि काम शून्य. त्यानं मोबाईलवर पाहिलं आणि उभ्या उभ्या जाहीर केलं, "काका, आता प्रोटॉन आलं. प्रोटॉनच घ्याचं. बाकी सब बेकार हाय." प्रोटॉन म्हणजे काय, विचारलं असतं तर बुलेटचं नवं मॉडेल म्हणाला असता.

मुंबईकडच्या मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं आणि सोबत कोण, तर मी. रिकामा, शिकलेला, साहेबलोकांत वावरलेला. भागीरथा म्हणाली, "दादा, यायले तं डॉक्टरसमोर बोलता बी येत नाही. तुमीच बोलजा." मी म्हटलं, बोलायला काय, मीच बोलणार.

तिथं डॉक्टरांनी सांगितलं की प्रोटॉन इलाजाची एक चाचणी सुरू आहे, तीत येता का बघा. समजावून द्यायला त्यांनी एका मुलीला पाठवलं. चाचणीतल्या रुग्णांचा पाठपुरावा करायची नोकरी तिची. नाव पौर्णिमा सिरसाट, आणि बोलायला लागली तर निघाली आमच्याच बाळापूरची. "काका, कावून घाबरून राहिले?" म्हटल्याबरोबर भगवंतरावाचा अर्धा आजार उतरला.

तिनं सांगितलं ते असं. नेहमीचा किरण गाठीतून आरपार जातो. वाटेत लाळेच्या ग्रंथी, गिळायचे स्नायू, जे लागेल ते भाजतो. प्रोटॉनचा किरण ठरवलेल्या खोलीवर थांबतो, पलीकडं जात नाही. म्हणजे कॅन्सर दोन्हीनं जाईल अशी आशा आहे, पण मागाहून माणसाला जेवता येतं का, गिळता येतं का, तोंड किती कोरडं पडतं, यात प्रोटॉन खरंच बरा आहे का हे पाहायचंय. म्हणून निम्म्या लोकांना हा, निम्म्यांना तो. कोणाला कोणता, ते संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो. मग दर तीन महिन्यांनी विचारायचं, आणि शेवटी दोन्ही बाजू ताडून पाहायच्या.

मी विचारलं, "मग सगळ्यांना प्रोटॉनच का नाही देत?" ती काही बोलायच्या आत भगवंतराव खरखरत म्हणाला, "अहो, मापाआधी भाव कसा सांगतीन? काटा लावून राहिले ते. एका पारड्यात हे, एका पारड्यात ते." पौर्णिमानं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, मले हे सांगाले अर्धा घंटा लागते बाकी लोकायले." मला ते फारसं आवडलं नाही.

कुलदीप थोडाच गप्प बसणार. दोन दिवसांनी तो एका पुढाऱ्याच्या शिक्क्याचं पत्र घेऊन थेट मुंबईत हजर. ‘सदर रुग्ण आमच्या मतदारसंघातील असून त्यांचा नंबर प्रोटॉनमध्ये लावण्यात यावा.’ पौर्णिमानं ते वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. "दादा, संगनक मतदान करत नाही," म्हणाली. कुलदीपनं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, ते पत्र चालावं असं मलाही वाटत होतं. पत्रं चालतात, हे मी एकोणतीस वर्षं पाहिलं होतं.

चिठ्ठी निघाली नेहमीच्या किरणांची. कुलदीपनं कॉरिडॉरमध्येच आवाज चढवला, "फसवलं आपल्याले! जुनी मशीन देऊन राहिले काकाले! चला, नाव काढा." घरून फोनवर फोन. सगळ्यांचं एकच, नाव काढा. भगवंतराव बाकावर बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "दुसरं पारडं रिकामं ठेवून माप होते काय रे? कोनी तं बसलंच पाह्यजे त्याच्यात." आणि सही केली. कुलदीप त्याच रात्रीच्या गाडीनं गेला, तो पुन्हा दिसला नाही. पत्र मात्र बाकावर विसरून गेला.

तेहतीस बैठका. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करतात, तो घालून डोकं टेबलाला पक्कं अडकवतात, हलायचं नाही. त्याआधी दातही काढले. तोंडाची आतून सालटी निघाली, मान भाजून काळी पडली, थुंकीसुद्धा गिळवेना. धर्मशाळेत मी त्याला भाताची पेज भरवायचो आणि मनात म्हणायचो, खा अजून खर्रा. पण तो मुखवटा घालायला रोज आपल्या पायानं जायचा. तेहतिसावी झाली तेव्हा त्यानं कॅलेंडरवर शेवटची रेघ मारली. पुढं तपासणीत गाठ दिसेना. कॅन्सर गेला होता.

इथपर्यंत सगळं मी फुशारकीनं सांगत आलो आहे. आता पुढचं.

अकोल्याला परत निघताना पौर्णिमानं फॉर्मची पाकिटं माझ्या हातात दिली. पहिलं लगेच भरायचं, मग दर तीन महिन्यांनी एक, भरून पोस्टानं पाठवायचं. तीस-पस्तीस प्रश्न. गिळताना त्रास होतो का, तोंड कोरडं पडतं का, आवाज कसा आहे, चारचौघांत जेवायला लाज वाटते का. प्रत्येकापुढं एक ते चार. एक म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे खूपच. "काका, यांना वाचून दाखवा हवं तर," ती म्हणाली, "पन उत्तर त्यायचंच पाह्यजे. तुमचं नाही." मी म्हटलं, "अहो, फॉर्म भरण्यात जन्म गेला माझा."

भगवंतराव सातवीपर्यंत शिकलेला. धान्याचे आकडे तोंडपाठ, पण फॉर्म पाहिला की घाम फुटायचा. पहिला फॉर्म मी त्याच्यासमोर बसून भरला. तो म्हणाला, "तोंड लय कोरडं पडते, साळेबुवा. अन् भाकर खाली उतरत नाही." मी पेन हातात धरून विचार केला. एवढे साहेब, एवढी मशीन, फुकटात इलाज केला, आणि आपण लिहायचं की त्रास आहे? आणि जास्त त्रास लिहिला तर? असे रुग्ण नको म्हणून नाव कापतील, तपासण्या बंद करतील. वर खराब माहिती गेली की काय होतं ते मला ठाऊक होतं. मी एकावर खूण केली. खाली सगळे एक. अक्षर माझं सुंदरच. तो विचारायला लागला, "लिवलं ना?" मी म्हटलं, "लिहिलं, लिहिलं."

दुसऱ्या फॉर्मच्या वेळी त्यानं फोन केला. माणूस कसा पाहा. तो आपला त्रास मापून ठेवायला लागला होता. "लिवून घ्या," बसलेल्या आवाजात म्हणाला, "मांगं एका भाकरीले एक गिलास पानी लागे. आता अर्ध्या भाकरीले दोन गिलास. चहा पेतो तं ठसका येते, दिवसातून पाच-सहा डाव. भिंतीवर रेघा मारून ठेवल्या हायेत." मी अमरावतीत, समोर गरम चहा, पायावर पाय. "हो हो," म्हणत मी ऐकलं, आणि फोन ठेवून एकावर, एकावर, एकावर खुणा करत गेलो. पाच मिनिटांत फॉर्म पूर्ण. तिसरा तसाच. चौथ्याच्या वेळी तर मी फोनही उचलला नाही. मागच्या फॉर्मची कॉपी होती जवळ, ती पाहून उतरवला.

मधे एकदा मुंबईत दाखवायला गेलो तर डॉक्टरांनी विचारलं, "वजन कमी झालंय. जेवण कसं आहे?" भगवंतरावानं तोंड उघडलं, पण त्याचा आवाज निघायच्या आत मी म्हणालो, "बरं आहे साहेब, एकदम बरं. दात काढले ना, म्हणून जरा कमी खातात." डॉक्टरांनी फॉर्म उलटून पाहिले. सगळे एक. "छान," म्हणाले. बाहेर आल्यावर भगवंतराव म्हणाला, "मले बोलू द्याचं व्हतं." मी म्हटलं, "तुम्हाला बोलता येतं का धड? त्रास कमी करतो तर तेही नाही."

वर्ष पुरं व्हायला पंधरा दिवस असताना भागीरथाचा फोन आला. ताप, धाप, छातीत घरघर. मी अकोल्याला पोहोचलो तेव्हा तो दवाखान्यात होता, नाकाला नळी. डॉक्टर म्हणाले, अन्नाचे कण महिनोनमहिने श्वासनळीत जात होते, त्यानं फुप्फुसात न्यूमोनिया झाला. घशाचे स्नायू आखडलेत. गिळण्याचे व्यायाम असतात, ते वेळेवर सुरू केले असते तर बरंच हाती राहिलं असतं. "इतके दिवस कोणाला सांगितलं नाही का यांनी?" मी खिडकीबाहेर पाहिलं.

दोन दिवसांनी त्याला जरा हुशारी आली. सकाळची वेळ, मी खाटेजवळ स्टुलावर. भागीरथाचा फोन वाजला. तिला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. पौर्णिमा बोलत होती. वर्षाच्या तपासणीची तारीख द्यायला तिनं आधी मला केला होता, मी उचलला नव्हता. भागीरथानं रडत रडत सगळं सांगितलं.

मग पौर्णिमा म्हणाली, "काकू, पन असं कसं? चारही फॉर्ममंधी लिवलं हाय, गिळाले काहीच तरास नाही म्हून."

भागीरथा माझ्याकडे बघायला लागली. मी भगवंतरावाकडे पाहिलंच नाही. तरी ऐकू आलं. आवाज कसला, पत्र्यावर खडा ओढावा तसा.

"काय लिवलं व्हतं तुमी, साळेबुवा?"

"एक," मी म्हणालो.

"कोरडं तोंड?"

"एक."

"ठसका?"

"एकच."

"चारही डाव?"

मी मान हलवली.

"मंग मी भिंतीवर रेघा मारत व्हतो, त्या कायच्या व्हत्या?"

माझ्याकडं उत्तर होतं. नेहमीचं होतं. "तुमच्याचसाठी केलं, जवाईबुवा. खराब लिहिलं असतं तर नाव कापलं असतं त्यांनी. मला अनुभव आहे." बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला. साहेबाच्या केबिनबाहेर उभं राहून बोलतो ना आपण, तो आवाज.

भगवंतराव माझ्याकडे एकटक पाहत होता. चौतीस वर्षांत त्याला रागावलेलं मी पाहिलं नव्हतं. "पोत्याले गुडघा लावला तुमी," तो म्हणाला. "माह्याच पोत्याले." आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

फोन तसाच चालू होता. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो. एखादा हमाल तोंडावर चार शिव्या देऊन गेला असता तर बरं वाटलं असतं.

मग डॉक्टरांनी पोटात नळी बसवायची सांगितली. घशातून काही जाणार नाही, सगळं पातळ करून नळीनं. किती दिवस? कदाचित काही महिने, कदाचित कायमचं. त्या दिवशी भागीरथानं घरी जाऊन स्वयंपाकघराच्या भिंतीचा फोटो काढून आणला आणि माझ्यापुढं धरला. पेन्सिलीच्या रेघा, चार उभ्या आणि एक आडवी, अशा जुड्या, पोती मोजतात तशा. खाली अक्षर, ‘ठसका’, ‘पानी’, ‘आर्धी’, ‘पाव’. शेवटी नुसतं ‘दूद’. आख्खी भिंत. असल्या अहवालाला आमच्या कचेरीत एकही माणूस लायक नव्हता, आणि मी तर नव्हतोच नव्हतो.

नळी बसल्यावर चार दिवसांनी भगवंतराव मला पहिलं वाक्य बोलला. "पोरीले फोन लावा. म्हना, पोते उतरवाचे हायेत. परत मापाचे."

मोठ्या आवाजावर लावला. पौर्णिमाला मी स्वतः सांगितलं, की चारही फॉर्म माझे आहेत, त्यांचे नाहीत. वाटलं होतं झापेल. झापलं नाही. म्हणाली, परत भरता येणार नाहीत, काका. त्या त्या आठवड्यात कसं होतं ते त्या त्या आठवड्यातच विचारायचं असतं. भिंतीचा फोटो पाठवा, मी वर दाखवते, पण तो फॉर्म नव्हे. आता एवढंच होऊ शकतं की तुम्ही लेखी द्या, ही उत्तरं रुग्णाची नाहीत. मग ते चार बाजूला काढतील.

"म्हंजे माहं माप गेलं?" भगवंतरावानं विचारलं.

"मांगचं गेलं काका," ती म्हणाली, "पन सांगितलं ते बरं केलं. तुमी नेहमीच्या किरनायच्या बाजूचे. त्या बाजूले तुमचं ‘काहीच तरास नाही’ म्हून बसलं व्हतं. असे आनखी बसले असते तं उद्या कोनी म्हनलं असतं, जुन्यानंच भागते, नवं कायले पाह्यजे?"

त्यानं डोळे मिटले. एवढा जाळला गेलेला माणूस, दुसऱ्या पारड्यात कोणीतरी बसायला पाहिजे म्हणून बसलेला, आणि मी त्याचं वजन शून्य करून ठेवलं होतं. नुसतं शून्य नाही, उलट्या बाजूला टाकलं होतं. ज्यांच्या मानेत उद्या गाठ येईल त्यांच्याही पोत्याला मी गुडघा लावला होता. मी, अव्वल कारकून. थू माझ्या अक्षरावर.

लेखी दिलं. कोरा कागद मांडीवर घेऊन लिहायला बसलो. तीनदा कागद फाडला. आपोआप ‘अनवधानाने’ असा शब्द येत होता, ‘तांत्रिक कारणास्तव’ येत होतं. शेवटी लिहिलं, ‘वरील चारही फॉर्म मी भरले. रुग्ण मला खरा त्रास सांगत होते. मी तो लिहिला नाही.’ खाली सही, तारीख, पूर्ण नाव, महादेव आणि पुढचं सगळं. आयुष्यात एवढा छोटा आणि एवढा खरा कागद मी वर पाठवला नव्हता.

वर्षाचा फॉर्म आला तेव्हा तो घरी होता. स्वयंपाकघरात बाज टाकली होती, रेघांच्या भिंतीजवळ. भागीरथा मिक्सरमधे त्याची पेज फिरवत होती. मी फॉर्म त्याच्यापुढं केला, म्हटलं, तुम्हीच भरा. त्यानं पेन माझ्याकडे सरकवलं. माझ्यावर भरोसा बसला म्हणून नव्हे, हे मला कळत होतं. काट्याजवळ मलाच उभं करायचं आणि आपण माझ्या गुडघ्याकडे पाहत बसायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

"वाचा," म्हणाला.

मी पहिला प्रश्न वाचला. गेल्या आठवड्यात पातळ पदार्थ गिळताना त्रास झाला का? त्यानं चार बोटं वर केली. माझं पेन सवयीनं एकाकडे गेलेलं होतं. तो नुसता पाहत राहिला. मी पेन उचललं, चारवर आणलं आणि खूण केली.

त्यानं वाकून ती खूण नीट पाहिली. मग त्या फुटक्या घशातून, शेजारी बसलेल्या भागीरथालाही ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "लाभ."

मी डोळे पुसले आणि दुसरा प्रश्न वाचला.